डावी बाजू कमी हाय

आमच्या घरात शांतता अशी नव्हतीच, आणि तिची कुणाला उणीवही भासत नव्हती. हुपरीत ज्या घरातून आवाज येत नाही त्या घरात काम नाही, इतकं ते सरळ होतं. सोप्यातच आमचा कारखाना. कारखाना आपला म्हणायचा. बसायचे चार पाट, एक भट्टी, तार ओढायचं यंत्र आणि भिंतीला पाठ लावून बसलेले आण्णा, म्हणजे माझे वडील. मी त्या टकटकीत पाढे पाठ केले, त्या टकटकीत दुपारी झोपले. अजूनही डोळा लागता लागता ताटात घुंगरं ओतल्याचा बारीक आवाज येतो. मग जाग येते, आणि आता मी राहते त्या गल्लीत चांदीचं काम करणारं कुणी नाही हे आठवतं.

आण्णांचं काम सगळ्यात शेवटचं. पैंजण तयार झालं, पॉलिश झालं, की त्यांच्यापुढं यायचं. एक पैंजण उजव्या कानाशी धरायचं, एक डाव्या कानाशी, डोळे मिटायचे आणि दोन्ही हलकेच हलवायचे. नाद सारखा आला तर म्हणायचे, ‘लागला जोड.’ नाही आला तर शब्दही न बोलता ते पैंजण बाजूच्या टोपलीत. ही त्यांची स्वतःची रीत होती. गावात दुसरं कुणी एवढं करत नसे आणि बहुतेक गिऱ्हाइकं मागतही नसत. वजन बरोबर, टंच म्हणजे चांदीचा कस बरोबर, संपला विषय. पण कोल्हापूरच्या गुजरी या सोन्या-चांदीच्या पेठेतले दोन-तीन सराफ नेमके त्यासाठी आमच्या दारात यायचे. बाई चालली की तिच्या दोन्ही पायांनी एकच बोललं पाहिजे, असं आण्णांचं म्हणणं.

यंत्रावरचं पैंजण तेव्हा गावात शिरायला लागलं होतं. ते स्वस्त होतं, सफाईदार होतं, आणि यंत्राला दमही लागत नव्हता. यंत्राला नसलेली एकच गोष्ट आमच्याकडं होती, आण्णांचा कान. त्याच्यावर आमचं घर चाललं होतं. तो आहे तोवर सराफ येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, मग मला न कळायला काय झालं.

त्याच सुमाराला, दोन हजार सालच्या पुढं-मागं, आमच्याकडं कॉम्प्युटर आला. मी रोज एसटीनं कोल्हापूरला कॉलेजला जायचे, शिवाय कॉम्प्युटरचा एक कोर्स करायचे. त्या क्लासनंच आपली जुनी यंत्रं विकायला काढली, त्यातलं एक आमच्या मधल्या खोलीत येऊन बसलं. आईनं त्याला स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं झाकण घातलं. त्याच्याबरोबर आलेले स्पीकर मात्र पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी बोलावं तसे बोलायचे, आणि कारखाना सुरू असला की तेवढंही नाही.

एकदा कीबोर्ड बिघडला म्हणून मी तो काखेत मारून मंगळवार पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदाराची बायको आमच्या गावची, म्हणून तेच दुकान. तो स्क्रू काढत बसला आणि मी ‘झालं काय? झालं काय?’ करत राहिले. शेवटी त्यानं गळ्यात अडकवलेला मोठा काळा हेडफोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

‘ताई, हे घाला कानाला आनी गप बसा जरा.’

मी घातला. आधी रस्ता गेला. लहानपणी विहिरीत बुडी मारली की काठावरचा कालवा एकदम लांब जायचा, तसा. समोरून रिक्षा जात होती, पण ती नुसतीच सरकत होती. मग डावीकडून तानपुरा सुरू झाला, उजवीकडं कुणीतरी तबल्यावर हात ठेवला, आणि मधोमध, माझ्या डोक्याच्या आत कुठंतरी, बासरी उगवली. बासरी काय मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. पण फुंकर घालण्याआधी वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वास मी पहिल्यांदा ऐकला. कोण कुठला माणूस, कधी वाजवलेलं, आणि त्याचा श्वास माझ्या कपाळामागं. माझे डोळे उघडे होते तरी मला दुकान दिसत नव्हतं. दिसत होतं ते पाणी होतं, सकाळचं, आणि त्यावर कुणीही नव्हतं. दुकानदारानं खांद्याला कीबोर्ड टोचला तेव्हा मला त्याचा रागच आला.

हुपरीच्या गाडीत खिडकीशी बसून मी घरी आले ती त्याच तंद्रीत. दोन्ही बाजूंचा ऊस हलत होता आणि त्याचाही आवाज डावा-उजवा वेगळा येतोय असं वाटत होतं. प्रेमात पडलं की असंच होत असावं, असं मी ठरवून टाकलं. प्रेमात तोवर कुणाच्या पडले नव्हते, त्यामुळं ठरवायला सोपं होतं.

‘आण्णा, मला कॉम्प्युटरला हेडफोन घ्यायचा हाय.’

‘कशाला? कान हायत की तुला.’

मी त्यांना बासरीच्या आधीच्या श्वासाचं सांगितलं. हातातलं पैंजण खाली ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले.

‘फुकायच्या आदीचा श्वास? त्यो ऐकू येतोय?’

‘व्हय.’

‘मग आन जाकडावर. मी ऐकतो. चांगला आसंल तर ठेवू.’

जाकड म्हणजे माल घरी न्यायचा, बघायचा, पटला तर पैसे, नाही पटला तर जसाच्या तसा परत. चांदीच्या धंद्यात ही रोजची रीत. कॉम्प्युटरच्या धंद्यात नव्हती, पण दुकानदाराची सासुरवाडी पडली हुपरी. सासुरवाडीच्या माणसाला नाही म्हणायची टाप भल्याभल्यांना नसते. पैसे माझे, पैंजणाच्या कड्या जोडून साठवलेले, म्हणजे बेताचेच. भारीतला हेडफोन त्यात येणार नव्हता आणि हलका मला नको होता. अशा माणसानं दुकानदाराला छळायचं नाही तर कुणी छळायचं?

पहिला आणला तो तोंडापुढं काडी असलेला. आई म्हणाली, ‘ही काडी चावायची काय?’ आण्णांनी कानाला लावला, लगेच काढला. ‘पत्रा हाय. दिऊन ये.’ त्यावर मतभेद नव्हता.

दुसरा बरा होता. आमच्याकडं नवी वस्तू आली की आधी तराजूत जाते. माझ्या दहावीच्या पेढ्यांचा पुडाही गेला होता. आईनं हेडफोन तोलला आणि एवढ्या वजनाला एवढे पैसे म्हणजे लूट आहे असं जाहीर केलं. मी बासरी लावली. श्वास आला! थोडा धुकट, पण आला. मी आण्णांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.

‘डावी बाजू कमी हाय.’

मी पुन्हा घालून बघितला. मला दोन्ही बाजू सारख्याच वाटत होत्या. पण आण्णा म्हणाले कमी, म्हणजे कमी. दुसऱ्या कुठल्या घरात पोरीनं वाद घातला असता. आमच्या घरात तो विचारच कुणाला सुचला नसता. मी आपली मोरीत गेले, कान स्वच्छ धुतले, पुन्हा ऐकलं, आणि खरोखरच मला डावी बाजू जराशी कमी वाटायला लागली. श्रद्धा असली की कानही ऐकतात म्हणायचं.

तिसऱ्याचंही तेच झालं. दुकानदार म्हणाला, दोष हेडफोनचा नसेल, तुमच्या यंत्राचा असेल. आतला आवाज मुळातच गढूळ, वेगळं साउंड कार्ड टाका. ते पटलं, कारण माऊस हलवला की कानात किडा लाकूड कुरतडल्यासारखा आवाज यायचा. त्यानं एक वापरलेलं कार्ड स्वस्तात दिलं, कसं बसवायचं ते दाखवलं. मी घरी येऊन भीत भीत ते बसवलं. पण कुरकुर गेली. तिच्यामागं लपलेलं केवढं तरी बाहेर आलं. तबल्यावरून बोट उचललेलं कळायला लागलं. मला वाटलं, आता काय, जिंकलो.

‘कुरकुर गेली,’ आण्णा म्हणाले. ‘खरं, डावी बाजू कमीच हाय.’

आणि हे त्यांनी घरापुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण आण्णांचा आवाज म्हणजे चौकातून बोलावलं तर वेशीत ऐकू येणारा, आणि मत म्हणजे दगडावरची रेघ. गुजरीत सराफांच्या दुकानी बसले की ते सांगायचे, ‘त्या मंगळवार पेठेतल्याचा माल घिऊ नगासा. डावी बाजू मारतोय.’ एका सराफाला मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता, त्यानं आण्णांच्या शब्दावर दुसरीकडं घेतला. दुकानदाराच्या हे कानावर गेलं. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यानं चहा विचारला नाही.

‘ताई, दोन्ही बाजूला मशीन लावून बघिटलंय मी. सारखंच हाय. खरं आण्णास्नी कोन सांगायचं?’

खरंच, कोण सांगणार होतं?

त्या दिवसांत कारखान्यातली टोपलीही भरत चालली होती. न लागलेले जोड पूर्वी चार-दोन असायचे. आता टोपली रोज निम्मी व्हायची. कारागीर आपसांत कुजबुजायचे, तार तीच, घुंगरं तीच, मग नाद बसका कसा होतोय? आण्णा म्हणायचे, चांदीच बदललीय. टोपलीतलं पैंजण मोडून पुन्हा भट्टीत जायचं. चांदी वितळवली की दर वेळी थोडी कमी भरते, तिला तूट म्हणतात, आणि ती घरालाच सोसावी लागते. एका सराफाचा माल दोनदा उशिरा गेला. तो नुसता यंत्रावरच्या पैंजणांची चौकशी करून गेला. आईनं कारखान्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. मला भीती वाटत होती, पण कशाची ते नीट सांगता आलं नसतं.

शेवटी दुकानदारानं आपल्या गळ्यातलाच काळा हेडफोन पुढं केला. वापरलेला होता म्हणून माझ्या पैशात बसत होता. ‘ह्याच्या वर माझ्याकडं काय न्हाय,’ तो म्हणाला. ‘हे पटलं न्हाय तर सासुरवाडी सोडतो.’

दुपार होती. कारागीर जेवायला गेले होते, हातोड्या थांबल्या होत्या, भट्टी नुसती धुमसत होती. अशा वेळी आमचं घर स्वतःशीच डुलक्या घ्यायचं. कौलातून आलेला उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकायचा आणि त्यात चांदीची धूळ तरंगायची. आण्णा जेवून खुर्चीत बसले. मी बासरी लावली, मागून हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि समोर येऊन उभी राहिले.

त्यांनी डोळे मिटले. मग मान हलवली.

‘ह्यो सगळ्यात चांगला हाय. खरं, डावी बाजू...’

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला दिसलं. हेडफोनची वायर डाव्या वाटीतून निघते. ती त्यांच्या उजव्या खांद्यावरून खाली आली होती. मी तो उलटा घातला होता. त्यांच्या डाव्या कानावर आत्ता हेडफोनची उजवी बाजू होती, आणि तरीही कमी होती ती डावीच.

मी तशीच उभी राहिले. आत बासरी चालू होती, ती मला ऐकू येत नव्हती, फक्त आण्णांची बोटं मांडीवर ताल धरत होती तो दिसत होता. दारातून टोपली दिसत होती, काठोकाठ भरलेली. सगळ्या हेडफोनांचं, त्या कार्डाचं, टोपलीतल्या एकेका पैंजणाचं मला एकदम कळलं. रडू येत होतं आणि ते समोर बसलेत म्हणून येऊ देता येत नव्हतं.

काय करावं ते सुचेना, तेव्हा हात आपसूक माऊसवर गेला. आवाजाच्या खिडकीत वरच्या बाजूला एक आडवी पट्टी असते, तिच्यावरचा काटा डावीकडं नेला की उजवा आवाज कमी होतो. मी हेडफोन सरळ करून दिला, म्हटलं, उलटा बसला होता. मग काटा हळूहळू डावीकडं सरकवायला लागले. थोडा. अजून थोडा. एकूण आवाज चढवला. आण्णांचं तोंड बघत बघत सरकवत गेले, आणि एका जागी ते तोंड उजळलं.

‘आत्ता कसं!’

ते इतक्या मोठ्यानं ओरडले की आई स्वयंपाकघरातून पळत आली. आण्णा हसत होते. दोन्ही हातांनी हेडफोन धरून, डोळे मिटून, लहान मुलासारखे. ‘मधी आली गं बासरी. ह्या हितं.’ त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. ‘श्वास घेतोय गडी. आगं खरंच की, श्वास घेतोय.’ उन्हाचा पट्टा त्यांच्या पायाशी आला होता. तो वाजवणारा अनोळखी माणूस आमच्या तिघांत येऊन बसला होता असं मला वाटत होतं, आणि ही दुपार अशीच राहावी, कारागीर परत येऊच नयेत, असंही.

बासरी संपली. त्यांनी हेडफोन काढला.

‘काय केलंस?’

‘काय न्हाय. जरा नीट लावलं.’

‘दाव.’

मी बाजूला झाले. जन्मभर तराजूपुढं बसलेल्या माणसाला काटा कुठं आहे हे सांगावं लागत नाही. त्यांनी पडद्याकडं नुसतं बघितलं. पट्टीच्या मध्यावर खूण होती आणि काटा तिच्यापासून किती तरी लांब, पार डावीकडं जाऊन उभा होता. ते बघत राहिले. आईला काही कळलं नाही, ती माझ्याकडं बघत होती.

‘येवडी तूट?’ आण्णा म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

‘काटा मधी घे.’

‘आण्णा, असू दे की. तुमच्यासाठी मी दर वेळेला...’

‘मधी घे म्हंतो न्हवं.’

मी घेतला. त्यांनी पुन्हा हेडफोन घातला आणि ती बासरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, जशी येत होती तशी. मग उठून कारखान्यात गेले, टोपली उचलून आणली आणि माझ्यापुढं बसले. एक जोड काढून त्यांनी माझ्या दोन हातांत दिला. मुलींनी कड्या जोडायच्या, घुंगरं ओवायची. जोड ऐकायला आमच्याकडं कधी कुणाला बसवलं नव्हतं, कारागिरांनाही नाही.

‘ऐक.’

मी दोन्ही पैंजणं कानांशी धरली, डोळे मिटले, हलवली. खोटं बोलावं असं फार वाटलं.

‘सारखी हायती, आण्णा.’

त्यांनी दोऱ्यानं तो जोड बांधला आणि दुसरा दिला.

‘ही?’

‘सारखी हायती.’

‘नीट ऐक.’

‘नीटच ऐकलं. सारखी हायती.’

तळाशी एक-दोनच खरोखर बसके निघाले. बाकी सगळी टोपली त्यांनी एकेक करून बांधली. मधेच एकदा हात थांबवून आईला म्हणाले, ‘केवडं मोडलं गं आपन.’ तिनं दारावरची लिंबू-मिरची काढून टाकली आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर कोल्हापूरला यायला निघाले. मला वाटलं गुजरीत जायचं असेल. तिथं सराफांना काय सांगणार, या विचारानं माझा जीव वरखाली होत होता. पण स्टँडवर उतरल्यावर ते म्हणाले, आदी मंगळवार पेठ. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दुकानदारानं आण्णांना पहिल्यांदाच बघितलं. माझ्या हातात काळा हेडफोन बघून त्याला वाटलं, हाही परत आला. त्यानं हात पुढं केला.

आण्णांनी त्याच्या हातावर पैसे ठेवले. मी साठवलेले, आणि वर थोडे त्यांचे.

‘पावणं, तुमच्या मालाला मी गुजरीत जाऊन नाव ठेवलं,’ ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, खणखणीत. रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला. ‘माल चोख हाय तुमचा. माझाच डावा कान गेलाय. आता हितनं गुजरीत जातो आनी तितंबी ह्येच सांगतो.’

दुकानदार नुसता ‘आण्णा, बसा की, चा घ्या’ असं म्हणत राहिला.

‘चा नगो. जोड आता ही लावती,’ माझ्याकडं हात करून ते म्हणाले. ‘सराफास्नी सांगाय पायजे. चल गं.’